दिवाळीच्या गडबडीत केल्याची जाण ठेवायची कशी

आई गेली त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती. म्हणजे आपल्याकडे असतं तसंच, वर्षाच्या आत सण करायचा नाही, तळण नाही, कंदील नाही, दारात रांगोळी नाही. वसुबारसेला संध्याकाळी ऑफिसातून आले तर डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक दाराशी पणती आणि आमचं दार तेवढं काळोखात. कुलूप काढतेय तोवर समोरच्या काकू डबा घेऊन आल्या. "आजच केल्या चकल्या, म्हटलं आधी तुमच्याकडे," एवढंच बोलल्या आणि गेल्या. मग खालच्या मजल्यावरून करंज्या आल्या, नवऱ्याच्या मित्राकडून लाडू आले, आतेबहीण कल्याणहून लोकलच्या गर्दीतून अनारसे सांभाळत घेऊन आली. लक्ष्मीपूजनापर्यंत ओट्यावर सात डबे झाले होते. सातही डबे स्टीलचे, एकाचं झाकण चेपलेलं, चार डब्यांत चकल्या आणि चारही घरांच्या चकलीचा रंग वेगळा, एक लालसर, एक पिवळी, एकीत तीळ जास्त, एक अगदी बारीक काट्याची. ओट्याशी उभी राहून मी चारही चाखल्या आणि खूप रडले, पण ते रडणं आधीच्या सात महिन्यांतल्या रडण्यासारखं नव्हतं.

ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात फराळ पोचवायचा ही पद्धत मला माहीत होती, आईबरोबर लहानपणी मी स्वतः डबे पोचवायला गेलेय. पण घेणाऱ्या बाजूला उभं राहिल्यावर ती काय चीज आहे ते कळलं. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीत मी काही गोष्टी ठरवून करते, मैत्रिणी विचारतात तर सगळं एकदा नीट लिहून काढावं म्हटलं.

आधी एक सांगते. कृतज्ञता हा शब्द भाषणात ठीक आहे, घरात कोणी वापरत नाही. घरात आपण म्हणतो "जाण असावी माणसाला", "केल्याची जाण आहे हो त्याला". मला हा शब्द फार आवडतो कारण करायचं काय ते त्यातच सांगितलंय, कोणी आपल्यासाठी काय केलं ते आधी जाणून घ्यायचं, विचारायचं, बघायचं, शोधून काढायचं. डोळे मिटून मनात कृतज्ञतेची भावना आणायचा प्रयत्न मी बरेच दिवस केला, नाही जमत तसं, निदान मला तरी नाही जमलं. पण अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवतात आणि रोज पाणी बदलतात हे स्वतः केल्यावर आतेबहिणीचा तो डबा डोळ्यांपुढे आला, आणि मग वेगळं काही करावं लागलं नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे फराळातला एक पदार्थ, फक्त एकच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करायचा, आणि तोही घरातल्या किंवा ओळखीतल्या मोठ्या माणसाच्या शेजारी बसून. बाकीचं सगळं खुशाल विकत आणा, त्यात काही कमीपणा नाही, नोकरी करून पाच-सहा पदार्थ करत बसलात तर भाऊबीजेपर्यंत तुमची कंबर जाईल आणि जाण वगैरे बाजूला राहून नुसती चिडचिड होईल. पण एक करा. आणि हे फक्त बायकांसाठी लिहीत नाहीये, पुरुषांनी आणि पोरांनी तर केलंच पाहिजे कारण वर्षानुवर्षं आयतं ताट त्यांच्याच पुढे येतं. आमच्याकडे गेली दोन वर्षं माझा मुलगा चकलीचा सोऱ्या फिरवतो, पहिल्या वर्षी दहा मिनिटांत हात दुखायला लागला तेव्हा आपणहून म्हणाला, आजी एवढ्या चकल्या एकटी करायची?

चकली घ्या उदाहरणाला. भाजणीचं साधारण माप म्हणजे 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी उडीद डाळ, वर धणे-जिरे, आणि घरोघरी यात थोडी मूगडाळ किंवा पोहे असा काहीतरी फरक असतोच, तोच विचारायचा असतो. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, मग प्रत्येक धान्य वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं, घाई केली की डाळ बाहेरून लाल होते आणि आत कच्ची राहते. मोहन कमी पडलं की चकली कडक होते, जास्त झालं की तेलात पडल्या पडल्या सुटते. सासूबाईंना मी विचारलं मोहन बरोबर झालंय हे कळतं कसं, तर त्यांनी पिठाची मूठ वळली, माझ्यापुढे उघडली, तर तळहातावर पिठाचा मुटका तसाच उभा, बोटांच्या खुणांसकट. मग अंगठ्याने हलकेच दाबला आणि तो मोडून पडला. "असा," म्हणाल्या. चाळीस वर्षं चकल्या करणाऱ्या बाईचं सगळं शिक्षण त्या एका मुठीत होतं आणि मी लग्नानंतरची अकरा वर्षं ते न बघता नुसत्या चकल्या खाल्ल्या.

करताना विचारायचं काय तर हे तुम्हाला कोणी शिकवलं, तेव्हा घरात किती माणसं होती, गॅस होता की स्टोव्ह की चूल, तेल-साखर कशी आणायची, रॉकेलसाठी लाईनीत कोण उभं राहायचं. मोबाईल ओट्यावर पालथा ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा, त्यांना सांगून करा, व्हिडिओ नको, व्हिडिओ सुरू केला की माणसं सावरून बसतात आणि बोलायची थांबतात. आमच्या सासूबाईंचं असं पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, मागे झाऱ्याचा आवाज, मध्येच "अगं आच कमी कर". माझ्या आईचं असं एकही नाहीये. म्हणून सांगतेय, यंदाच करा.

दुसरं काम धनत्रयोदशीच्या आधी भांडी काढता तेव्हा करायचं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत आहे ना, तांब्याच्या बुडाला, ताटाच्या कडेला, डब्याच्या झाकणावर बारीक टिंबाटिंबांची अक्षरं. ती वाचा. घासून पुसून परत फडताळात टाकू नका, एकेक भांडं हातात घेऊन उजेडाकडे तिरकं धरा आणि वाचा. आमच्याकडे एक पितळी डबा आहे त्यावर आजोबांचं नाव आणि 1961, एका पातेल्यावर "मावशीकडून बारसे", एका तांब्यावर कोणाच्या तरी स्मरणार्थ असं लिहिलंय, ते गृहस्थ कोण हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, सांगलीला मोठ्या नणंदेला फोन केला तेव्हा कळलं की सासऱ्यांच्या शाळेची फी ज्यांनी दोन वर्षं भरली ते. त्या तांब्यातून आम्ही रोज पाणी पितो! आता धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य दाखवतो तेव्हा तो तांब्या पूजेत असतो आणि मुलांना ती गोष्ट सांगतो. हे करायला तासभर लागतो फार तर, कुठलाही खर्च नाही, आणि मुलांना यात खजिना शोधल्यासारखं वाटतं, त्यांच्या हातात एक वही द्या, भांड्याचं नाव, कोणाकडून, कधी, एवढं लिहायला लावा.

आता सणाकडे जरा वेगळ्या नजरेने बघायचं. आपले सण कोणाच्या ना कोणाच्या उपकारांची आठवण ठेवतात, आपण ते करतो पण कोणासाठी ते विसरतो. वसुबारसेला गाय-वासरू, कित्येक घरांत बायका त्या दिवशी दूध-तूप खात नाहीत, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात, वासराच्या वाट्याचं निदान एक दिवस वासराला. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, अवजारं, गाडी, मशीन, सुतार त्याचा रंधा पूजतो. पोळ्याला बैल, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळतात, ज्या खांद्यावर वर्षभर जू होतं तोच खांदा, आणि विदर्भात बैलाला रीतसर आमंत्रण देतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या". मला हे वाक्य कधीही आठवलं तरी गलबलतं. भाऊबीजेला भाऊ, आणि ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. माझी जाऊ फोंड्याची, गोव्यात नरक चतुर्दशीला पहाटे नरकासुर जाळला की घरोघरी फोव म्हणजे पोहे, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गुळातले, बटाट्याचे. ती सांगते की शेतातल्या नव्या भाताचे पोहे यायचे, आजी पहिला घास घ्यायच्या आधी शेताच्या दिशेला बघायची, तोंडाने काही म्हणायची नाही.

तर यंदा काय करायचं, प्रत्येक दिवशी सकाळी चहा घेताना घरात एकच प्रश्न, आज कोणाचा दिवस. वसुबारस असेल तर आपल्याकडे दूध कोण टाकतं, तो पहाटे किती वाजता उठतो, त्याला विचारलंय कधी? आम्ही विचारलं तर 3 वाजता. केरसुणीची पूजा करायची तर वर्षभर ती केरसुणी ज्यांच्या हातात असते त्या मावशींना पहिलं ताट. इथे माझं मत स्पष्ट आहे, कामाच्या मावशींना, वॉचमनला, कचरा नेणाऱ्यांना उरलेला फराळ भाऊबीजेनंतर पिशवीत भरून द्यायचा हा प्रकार बंद करायचा. पहिल्या घाण्यातलं द्यायचं, बसवून, ताटात, गरम असताना, आणि बोनस वेगळा, तो त्यांचा हक्क आहे, फराळ म्हणजे बोनस नव्हे. आमच्या मावशी पहिल्या वर्षी खुर्चीवर बसायलाच तयार नव्हत्या, सासूबाई स्वतः शेजारी बसल्या तेव्हा बसल्या, आणि मग म्हणाल्या करंजीच्या सारणात खसखस भाजून घातली असती तर अजून चांगली लागली असती. पुढच्या वर्षीपासून आम्ही भाजून घालतो.

बघण्याबद्दल थोडं लिहायचंय. सौंदर्य म्हटलं की लोकांना वाटतं कुठेतरी डोंगरावर जायला हवं, मला वाटतं नरक चतुर्दशीच्या पहाटेएवढं बघण्यासारखं वर्षात दुसरं काही नसतं आणि आपण ते घाईत उरकून टाकतो. या दिवसासाठी माझा एकच नियम, सूर्य उगवेपर्यंत मोबाईल कोणी हातात घ्यायचा नाही, शुभेच्छांचे मेसेज आठ वाजता पाठवले तरी पोचतात. उठायचं, एकमेकांना तेल लावायचं, स्वतःचं स्वतः नाही, एकमेकांना, कारण मोठी झालेली मुलं एरवी कोण हात लावू देतं पाठीला? माझा मुलगा चौदाचा आहे, वर्षातून हीच एक पहाट तो पाठ करून बसतो आणि मी खोबरेल तेल चोळते, खांदे किती रुंद झालेत ते मला तेव्हा कळतं. मग उटणं, मोती साबण, पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचं, आणि ओल्या केसांनी गॅलरीत जाऊन उभं राहायचं. पाच मिनिटं. हवेत किंचित गारवा असतो, कोणाच्या तरी घरी रेडिओ लागलेला असतो, तुमचा कंदील वाऱ्यावर हळूहळू गिरक्या घेत असतो आणि त्याच्या रंगीत पट्ट्या भिंतीवरून फिरतात. आमच्या बिल्डिंगच्या मागे पारिजातकाचं झाड आहे, रात्री फुलतं आणि पहाटे सगळी फुलं खाली, पांढऱ्या पाकळ्या वर किंवा केशरी देठ वर, जशी पडतील तशी. त्या अर्ध्या उजेडात आधी फक्त पांढरा रंग दिसतो, देठांचा केशरी नंतर येतो, उजाडता उजाडता. हे मी चार वर्षं त्या झाडाजवळ राहून पाहिलं नव्हतं, आईच्या त्या वर्षी आंघोळीची घाई नव्हती, फराळाची नव्हती, नुसती जिन्यात बसले होते तेव्हा दिसलं.

ओंजळभर वेचून आणा, देवापुढे एक आणि जो उशिरा उठलाय त्याच्या उशाशी एक.

मुलं लहान असतील तर किल्ला करा, तयार प्लास्टरचा नको, मातीचा. दिवाळीच्या आठेक दिवस आधी माती चाळायला लावा, दगड-विटांवर पोतं टाकून माती लिंपायची आणि उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची, चार-पाच दिवसांत हिरवं यायला लागतं. खरी गंमत महाराजांना गादीवर बसवण्यात आणि मावळे मांडण्यात आहेच पण रोज सकाळी शाळेत जायच्या आधी पोरगं पाणी शिंपडून "आलं का उगवून" म्हणून वाकून बघतं ना, ती सवय लागायला हवी, त्याच्या हाताने पेरलेलं उगवताना त्याला दिसायला हवं. रांगोळीचंही तसंच, छाप आणि स्टिकर वापरू नका असं नाही म्हणत, पण एक दिवस तरी ठिपक्यांची काढा, सकाळी काढलेली संध्याकाळपर्यंत पुसली जाते हे माहीत असून आपल्या आया आणि आज्या रोज काढत होत्या, आणि रोज वेगळी.

आता बोलण्याचं. हे आपल्याला सगळ्यात अवघड जातं. आईला "थँक्यू" म्हटलं तर म्हणायची, परक्यासारखी आभार कसले मानतेस. तिला खरंच लागायचं ते. मग करायचं काय? नेमकं बोलायचं. "छान झालंय सगळं" याला काही अर्थ नाही, ते पाहुणेही म्हणतात. "यंदा चिवड्यात खोबऱ्याचे काप एकसारखे तळलेत, एकही करपला नाही" असं म्हणून बघा समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो. बाबांना म्हणायचं, कंदिलाची वायर तुम्ही दरवर्षी आधी तपासून ठेवता म्हणून आयत्या वेळी धावपळ होत नाही. पाडव्याला नवऱ्याला ओवाळताना आणि त्याने ताटात ओवाळणी टाकताना दोघांनी या वर्षातली एकेक गोष्ट एकमेकांना सांगायची, दुसऱ्याने केलेली, आणि ती छोटी हवी. माझा नवरा मागच्या वर्षी म्हणाला, जुलैत पावसात गाड्या बंद पडल्या तेव्हा तू ठाण्याहून फोन करून आधी मला विचारलंस की तू जेवलास का. मी विसरूनही गेले होते.

भाऊ लांब असेल तर नेमकं बोलणं अजूनच गरजेचं. माझा भाऊ न्यू जर्सीत आहे, भाऊबीजेला आमची संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ, स्क्रीनसमोर ताम्हन फिरवताना पहिल्या वर्षी फार पोकळ वाटलं. आता आम्ही असं करतो की फराळाचं कुरिअर महिनाभर आधी जातं आणि तो ते भाऊबीजेपर्यंत उघडत नाही, कॉलवर माझ्यासमोर उघडतो, आणि खोक्यात दरवेळी आईच्या हातची एक वस्तू असते, एकदा तिचं करंजीचं कातणं पाठवलं, एकदा तिच्या अक्षरातली वाण्याची यादी. त्या यादीत शेवटी लिहिलंय "शेंगदाणे पाव किलो जास्त, त्याला आवडतात". किती वेळ दोघंही काही बोललो नाही.

वहीत लिहायचं का, तर लिहा, पण रोज लिहू नका. अमेरिकेत 2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास छापून आला होता, त्यात काही लोकांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल ऋणी वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या आणि काहींना कटकटी लिहायला सांगितल्या, तर पहिल्या गटातल्या लोकांना आपलं आयुष्य एकंदरीत बरं चाललंय असं जास्त वाटत होतं. आठवड्यातून एकदा हे मला पटतं, रोज लिहायला घेतलं की चौथ्या दिवशी "कुटुंब, आरोग्य, घर" असं छापील उत्तर यायला लागतं. मी रविवारी रात्री लिहिते, पोळ्या झाल्यावर, आणि नियम एकच, प्रत्येक ओळीत माणूस आणि त्याने केलेली गोष्ट दोन्ही हवं. "नवऱ्याने रात्री 11 वाजता सिलिंडर बदलला." "ट्रेनमध्ये एका मुलीने न विचारता खिडकी दिली." "सासूबाईंनी माझा डबा भरताना लोणचं वेगळ्या वाटीत ठेवलं."

ज्यांच्याकडे यंदा दिवाळी नाही त्यांनी यातलं काहीही जबरदस्तीने करू नका. कोणी डबा आणला तर घ्या, नको म्हणू नका, आणि खा. बस. आणि तुमच्या ओळखीत असं घर असेल तर सगळ्यात आधी तिथे पोचवा, वसुबारसेलाच, फोन करून येऊ का विचारत बसू नका, दारात पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, "आता सावरा" वगैरे तर बिलकुल बोलू नका. चकली-चिवडा द्या, कारण गोड त्या घरात खाल्लं जाईलच असं नाही. आणि डबा स्टीलचा द्या, परत येण्याजोगा.

कारण डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे तुम्हाला माहीतच आहे. ते सात डबे मी लगेच परत केले नव्हते, काय भरून देऊ तेच सुचत नव्हतं, आणि त्या वर्षी मी काही तळणारही नव्हते. शेवटी तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला आवळे आले बाजारात, दोन किलो आणले, किसले, वाळवले, आवळासुपारी केली आईची असायची तशी, आलं आणि सैंधव घालून, आणि सातही डब्यांत थोडी थोडी भरली. समोरच्या काकूंनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "ही तर तुझ्या आईची."

आता दरवर्षी मी तुळशीच्या लग्नापर्यंत सगळे डबे परत करते. मागच्या दिवाळीतला एक राहिलाय, चेपलेल्या झाकणाचा, त्या काकू मुलाकडे नाशिकला गेल्यात, रविवारी भरून घेऊन जाणार आहे.